खळीत पाणी किती

आमच्या घरातला सर्व्हर चपलांच्या कपाटावर राहतो. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोली आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या रांगा येतात. आमचा म्हणजे एक काळा डबा आहे, जाड शब्दकोशाएवढा. त्याला हात लावला तर तो कोमट लागतो आणि कान लावला तर बारीक गुणगुणतो. घरातले सगळे फोटो त्यात आहेत, आईच्या कामाच्या ऑर्डरी त्यातून येतात, आणि रोज सकाळी आईच्या खळीत किती चमचे पाणी घालायचं हेही तोच सांगतो.

आई पुस्तकं बांधते. घराची पुढची खोली तिची. एका भिंतीशी लोखंडी प्रेस, खिडकीखाली लांब टेबल, कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चळत. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, दुपारपर्यंत येऊन पानं शिवून देते. चिकटवायची खळ आईच शिजवते. ती घट्ट झाली तर ब्रश ओढल्यासारखा चालतो आणि कागद धरत नाही. पातळ झाली तर कागद पाणी पितो, फुगतो आणि सुरकुततो. दमट हवेत पाणी कमी लागतं, कोरड्या हवेत जास्त. किती, ते आई अंगठा आणि तर्जनीत खळ चोळून ठरवायची.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांतले, टपालातले, दवाखान्यांत लहान मुलांना ज्यावर झोपवतात तेही. मोजता येत नाही अशी गोष्ट त्यांना बघवत नसे. त्यांनी आईच्या खोलीत हवेतला दमटपणा मोजणारं एक बोटभर यंत्र लावलं, प्रेसशेजारी एक छोटा पडदा बसवला, आणि दमटपणावरून पाण्याचे चमचे काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला. "तुझी बोटं आणि माझा भागाकार," ते म्हणाले, "बघू या कोण जिंकतं."

सुरुवातीला बोटंच जिंकत होती. शंभरातून दमटपणा वजा करायचा आणि आठाने भागायचं, असा त्यांचा हिशेब होता. आई म्हणायची, घट्ट होतेय. मग त्यांनी साताने भागून पाहिलं. मग सहाने. पुठ्ठ्यावर कापड चिकटवायचं असेल तर एक चमचा कमी, हेही आईनेच सांगितलं. जेवताना तक्रार आली की ते खरकट्या हाताने उठून डाव्या हाताने एक आकडा बदलून यायचे. असं कधीपासून चाललं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण हळूहळू पडद्यावरचा आकडा आणि आईची बोटं एकच बोलायला लागली. दोघंही जिंकल्यासारखी वागायची.

मग आईच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी औषधं दिली. वाढणार नाही म्हणाले, परत येईल असं म्हणाले नाहीत. सुई धरता येत होती, कागद कापता येत होता, पण चिमटीतली खळ कळेनाशी झाली. मावशीने एकदा हौसेने पाणी घालून दिलं. त्या खळीबद्दल घरात अजूनही बोलत नाहीत. तेव्हापासून आई त्या पडद्यावरच्या आकड्यावर चालते. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले, आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी कधीतरी आई खोलीत जाऊन पडद्याकडे बघून म्हणाली, "सात," आणि कामाला लागली.

दादा दुसऱ्या शहरात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. वसंतात एकदा त्याचा फोन आला. डब्यातली ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली, तिच्यातली भोकं बुजवणं आता बंद होणार, नवी मोठी आवृत्ती घालायला हवी. बाबा हे काम दर दोन-तीन वर्षांनी करत. आजारपणात राहून गेलं होतं.

"इंटरनेटची तार काढून टाकली तर?" आईने विचारलं.

"तर तुझ्या ऑर्डरी येणार नाहीत."

"आणि तशीच ठेवली तर?"

"तर रात्री दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे."

"मग घाला नवी," आई म्हणाली. "पण माझा आकडा बिघडला तर मला खोली बंद करावी लागेल. हे दोघांनी नीट लक्षात ठेवा."

ती चिडून बोलली नव्हती. गॅस संपत आलाय हे सांगावं, तसं सांगितलं.

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढणं हे माझं पोट भरण्याचं साधन. संगणकातलं मला जे येतं ते बाबांच्या खुर्चीमागे उभं राहून आलेलं. दादाने येतो म्हटलं, पण त्याला सुट्टी मिळेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. एका रविवारी सकाळी मी डब्यातल्या सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली, ती डिस्क कपाटात ठेवली, आणि चपलांच्या कपाटासमोर स्टुलावर बसले. शिवणाची पाटी घेऊन मावशी माझ्या शेजारी येऊन बसली.

"ह्या कामाला दोन माणसं लागतात का?" मी विचारलं.

"एक करायला आणि एक बघायला. तू कर, कसरे." मावशी मला लहानपणापासून कसर, म्हणजे पुस्तकं खाणारा किडा, म्हणते, कारण मी कायम पुस्तकात शिरलेली असे. बांधणी करणाऱ्यांच्या घरात यापेक्षा वाईट शिवी नाही.

नवी आवृत्ती उतरायला लागली. पडद्यावरून ओळी धावत होत्या. मध्येच ते थांबलं आणि एक प्रश्न आला: ही फाइल तुम्ही स्वतः बदललेली दिसते. तुमची ठेवू, की नवी घालू?

मी वाचून दाखवलं. मावशीने दोरा दातात धरला होता, तो सोडला. "असं विचारतं का ते? बरं आहे की. सासरी गेले तेव्हा मला कोणी असं विचारलं असतं तर."

"तर काय म्हणाली असतीस?"

"अर्धं जुनं, अर्धं नवं. तेच झालं शेवटी, पण भांडून झालं."

असे प्रश्न एकामागून एक येत राहिले. ज्या ज्या फाइलीत बाबांनी हात घातला होता, तिथे तिथे डबा अडायचा. 'तुम्ही बदललेली.' त्याच्या लेखी 'तुम्ही' म्हणजे बाबाच होते आणि ते समोर बसले होते. फरक दाखव म्हटलं की तो जुन्या-नव्या ओळी शेजारी शेजारी मांडून दाखवायचा. फोटो कुठे ठेवायचे, दिवा रात्री मंद करायचा, प्रिंटरने शाईबद्दल कुरकुर करायची नाही. मी प्रत्येक वेळी वाचायचे आणि ठरवायचे. काही ठिकाणी त्यांचं ठेवलं. काही ठिकाणी नवं घेतलं, कारण नवं खरोखरच चांगलं होतं. ते घेताना मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

पुढच्या खोलीतून आई अधूनमधून काहीतरी शोधायला यायची आणि काहीही न घेता परत जायची.

"ताई, तुझी कात्री टेबलावरच आहे," मावशी म्हणाली.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

शेवटी डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. फोटो आले. ऑर्डरी आल्या, त्यात वाचनालयाच्या बाईंचा सकाळचाच निरोप होता: बांधायला दिलेल्या खंडांना निळं कापड चालेल. प्रेसशेजारचा पडदा मात्र काळाच राहिला.

आईने पडद्याकडे पाहिलं आणि टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. बाबांनी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता, तिची जुनी आवृत्ती नव्या सिस्टीममध्ये नव्हती. तिच्या जागी त्याच भाषेची पुढची आवृत्ती होती, आणि ती एका ठिकाणी कंस मागत होती. मी कंस घातले. पडदा उजळला. आम्ही तिघी समोर उभ्या राहिलो.

सात, मग एक टिंब, मग एक, आणि मग पडद्याच्या कडेपर्यंत सहाच सहा.

"हे काय आता?" आई म्हणाली.

"सात चमचे आणि वर सहांची वरात," मावशी म्हणाली. "ताई, चमचा बदलावा लागणार."

पूर्वी पडद्यावर नेहमी नीट पूर्ण आकडा यायचा. मी विचार केला, की अपूर्णांक आला तर जवळचा पूर्ण आकडा दाखवावा; कुणीही शहाणा माणूस तेच करेल. तशी एक ओळ घातली. पडद्यावर नुसते सात आले. आईने सात चमचे पाणी घातलं, एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून कागदाचं अस्तर लावून पाहिलं, आणि ते आरशासारखं सपाट बसलं. त्या दुपारी आम्ही तिघी खूप जेवलो. मी दादाला फोन करून जरा मिजाशीतच सांगितलं, "झालं."

त्याच आठवड्यात हवा कोरडी झाली. उन्हात वाळत घातलेले कपडे कडक होत होते, आणि दाराची कडी चांगली बसायला लागली होती. आई वाचनालयाच्या खंडांना बसली. मी शेजारच्या खोलीत मुद्रितं बघत होते. ब्रशचा आवाज ऐकू येत होता. मग तो थांबला आणि सुरू झालाच नाही.

मी गेले तेव्हा पहिल्या खंडाचं अस्तर आई टोकाला धरून उचलत होती. कागदावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, गार पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांवर पडतात तशा.

"दहा म्हणाला," आई म्हणाली. "दहा घातले. खळ नाही, पाणी झालंय." तिने भांडं तिरकं करून दाखवलं. तिला ते डोळ्यांनी दिसलं होतं, पण कागदावर लावल्यानंतर. "इतक्या कोरड्या दिवशीही ह्यांनी मला दहा कधी सांगितले नव्हते. असं मला वाटतं. पण मला नुसतं वाटून काय उपयोग?"

"पुस्तक बिघडलं?"

"पुस्तक ठीक आहे. एक कागद गेला." तिने ब्रश धुतला, उलटा करून बरणीत ठेवला आणि हात पुसले. "बाईंना सांग, उरलेले खंड दुसरीकडे द्या. चुकीच्या आकड्यावर लोकांची पुस्तकं बांधण्यापेक्षा न बांधलेली बरी."

मावशी सुई हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"आजचा दिवस दे मला," मी म्हटलं.

कपाटातून प्रतीची डिस्क काढली आणि डबा त्या डिस्कवरून चालू केला, म्हणजे जुना, रविवारच्या आधीचा. इंटरनेटची तार आधी काढली होती. दमटपणा एक्केचाळीस. जुन्या प्रोग्रॅमने तेवढ्यावर उत्तर दिलं: नऊ.

तोच प्रोग्रॅम, तीच हवा, आणि एका चमच्याचा फरक. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. हे काम मला येतं. माझे कंस आणि माझी ती शहाणी ओळ सोडली तर काहीच बदललं नव्हतं. मी दादाला फोन लावला आणि आईलाही ऐकू जावा म्हणून टेबलावर ठेवला.

दादाला एका मिनिटात उलगडलं. "अगं, भागाकार. जुनी आवृत्ती पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागलं की वरचं उरलेलं टाकून द्यायची. नवी ते ठेवते. शंभरातून तुझे एक्केचाळीस गेले की एकोणसाठ. त्याला सहाने भाग."

"नऊ, आणि वर बरंच काही. जवळजवळ दहा."

"म्हणून जुनं नऊ, आणि तू जवळचा आकडा घेतलास म्हणून दहा. रविवारी उरलेलं थोडंच होतं, त्यामुळे कळलं नाही." तो जरा हसला. "गंमत म्हणजे बाबांच्या हे लक्षातच आलं नसणार. एवढा काट्यावरचा माणूस, आणि रोज पाऊण-पाऊण चमचा हवेत सोडत होता. आता नीट करू या. दशांश दाखव, एक छोटा मोजचमचा आण. बरोबर उत्तर नऊ पूर्णांक आठ आहे."

"पण नऊ पूर्णांक आठने सुरकुत्याच पडतील," मी म्हटलं. "दहा आणि त्यात फरक कितीसा?"

"मग सूत्रच चुकलंय. नव्याने काढावं लागेल. आई सांगेल, तसं आकडे बदलत जाऊ."

नव्याने काढायचं तर कुणाच्या बोटांवरून काढायचं, हे त्यालाही बोलल्यावर लक्षात आलं असावं.

आई टेबलाच्या कडेला टेकून उभी होती. "मला एक सांगा," ती फोनकडे वाकून म्हणाली. "तो सहाचा आकडा कुणी ठरवला?"

"बाबांनी. म्हणजे, तू सांगायचीस आणि ते बदलायचे."

"आठाने भागायचे तेव्हा मी म्हटलं घट्ट होते. साताला म्हटलं अजून थोडी. सहाला मी गप्प बसले. तेव्हा माझी बोटं शाबूत होती." तिने बोटं फोनसमोर धरली, जणू दादाला दिसणार होती. "मी गप्प बसले ती नऊ चमच्यांवर. नऊ आणि वर काहीतरी ह्यांनी मला कधी घालायलाच लावलं नाही."

"पण आई, ती चूक आहे ना."

"असेल. मी त्या चुकीवर पुष्कळ पुस्तकं बांधली, त्यातलं एकही परत आलं नाही."

मला तेव्हा नीट कळलं. बाबांचा भागाकार थोडा कमी सांगत होता, आणि आई तो कमीपणा बोटांनी ओळखून आठाचे सात आणि साताचे सहा करून घेत होती. त्यांची चूक आणि तिची दुरुस्ती एकमेकींत इतकी बसली होती, की एक काढली की दुसरी चूक ठरत होती. मी मुद्रितं तपासते. चूक दिसली की माझा हात आपोआप चालतो. या ओळीवर तो चालला होता आणि एक कागद गेला होता.

"करून बघा तरी," दादा म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. "नऊ आणि दहा, दोन्ही."

आईने दोन वाट्यांत नवी खळ घेतली, एकीत नऊच्या मानाने पाणी, दुसरीत दहाच्या. मावशीने कागदाच्या एकाच तावातून दोन पट्ट्या कापल्या. कुठली कुठली ते कळावं म्हणून आईने दहाच्या पट्टीचा कोपरा कापला, आणि दोन्ही पट्ट्या दोन पुठ्ठ्यांवर चिकटवून वजनाखाली ठेवल्या. मग वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. मी मुद्रितांचं एक पान बराच वेळ वाचत होते. मावशीने तिच्या सुनेचं एक लांबलचक प्रकरण सांगितलं, त्यात शेवटी सूनच बरोबर निघाली, आणि मावशीला ते सांगावं लागलं याचंच वाईट वाटत होतं.

ऊन तिरपं झालं तेव्हा आईने वजन उचललं. दोन्ही पुठ्ठे ती खिडकीशी घेऊन गेली आणि डोळ्यांच्या पातळीला आडवे धरले. बोटांना कळत नसलं तरी तिरप्या उजेडात सुरकुती लपत नाही. कोपरा कापलेल्या पट्टीवर तीन बारीक लाटा होत्या. दुसरीवर काही नव्हतं.

"नऊ," आई म्हणाली. फोनमध्ये दादा काहीतरी म्हणाला, बहुतेक "ठीक आहे" म्हणाला, आणि मग विचारलं, "तू जेवलीस का?"

डब्यात परत नवी डिस्क घातली. नव्या भाषेतही उरलेलं टाकून देता येतं. फक्त तसं मुद्दाम सांगावं लागतं. भागाकाराची एक तिरकी रेघ असते, तिथे दोन द्यायच्या. मी माझी शहाणी ओळ खोडली आणि बाबांच्या रेघेशेजारी एक रेघ दिली. एवढंच काम होतं. मग मी दमटपणाचे वेगवेगळे आकडे देऊन जुनी आणि नवी उत्तरं ताडून पाहिली. अगदी कोरड्यापासून अगदी ओल्यापर्यंत कुठेही फरक पडला नाही. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या बघू," पण वाचनालयाच्या बाईंना काही कळवू नकोस, हेही म्हणाली.

सकाळी मी उठले तेव्हा खळ शिजल्याचा वास घरभर होता. पडद्यावर आठ होते. माझ्या शहाणपणाने ते नऊ झाले असते. आईने चमचे मोजले, मोठ्याने, आठपर्यंत, भांडं हलवलं, ब्रश बुडवून कडेला निथळला. पहिल्या खंडाला नवा कागद घेतला होता. तिने खळ मधून कडांकडे पसरली, कागद टेकवला, वरून कोरडा कागद ठेवून तळव्याने एकदाच सरळ हात फिरवला, आणि वरचा कागद उचलला.

अस्तर सपाट होतं. मी आणखी नीट बघायला खिडकीशी सरकले.

"बाजूला हो," आई म्हणाली. "उजेड अडवतेस." आणि तिने दुसरा खंड ओढून घेतला.